तालुका विचारला की तिथल्या आजपासून पुढच्या नेमक्या तेवढ्याच जत्रा देणारा एंडपॉइंट

एंडपॉइंट म्हणजे अॅपने विचारले की साइटवरची माहिती देणारा पत्ता. कोडमधली नावे इथे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहा.

शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, पण इंग्रजी तारीख दरवर्षी वेगळी. म्हणून वर्डप्रेसमध्ये जत्रा, काला, नाटक यांची नोंद करताना तिथी वाचण्यापुरती ठेवा. शोधासाठी वेगळ्या कस्टम फील्डमध्ये (नोंदीला जोडलेल्या जादा रकान्यात) तारीख सलग आठ आकड्यांत घाला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दिवस आधी घातलात तर क्रम लागत नाही.

ठिकाणांसाठी श्रेणीबद्ध टॅक्सॉनॉमी (नोंदींची वर्गवारी) करा. वर गोव्याचे १२ तालुके, पोटात गावे. म्हार्दोळ आणि मंगेशी फोंड्याखाली घातली की फोंडा मागणाऱ्याला ती आपोआप मिळतात, कारण टॅक्स_क्वेरी, म्हणजे वर्गवारीने शोधणे, पोटातल्या संज्ञाही (इथे गावे) धरते. स्लग (पत्त्यात दिसणारे छोटे नाव) मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह पत्त्यात ९ चिन्हे खाते आणि स्लगची मर्यादा २०० आहे. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे २२ चिन्हांतच जागा संपते.

कोड थीममध्ये घालू नका, छोटे प्लगइन करा. नाहीतर थीम बदलली की एंडपॉइंट गेला. रेस्ट_एपीआय_इनिट या हुकवर (वर्डप्रेस आपला कोड चालवते त्या ठरलेल्या टप्प्यावर) रजिस्टर_रेस्ट_रूट बोलवा. नेमस्पेस, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, 'जत्रा/व्ही१' असा आवृत्तीसकट, म्हणजे पुढे रचना बदलली तरी जुने अॅप मोडणार नाही. पद्धत गेट, म्हणजे फक्त वाचण्याची. परमिशन_कॉलबॅक (कोणाला परवानगी ते ठरवणारे फंक्शन) वर्डप्रेस ५.५ आवृत्तीपासून द्यावाच लागतो. यादी सर्वांसाठी असेल तर तिथे __रिटर्न_ट्रू लिहा.

खरी काळजी पॅरामीटरांची, म्हणजे विचारणाऱ्याने पाठवलेल्या तालुका, पान अशा मूल्यांची. चुकीच्या तालुक्याला चूक सांगणारे उत्तर गेले तर वाचणाऱ्याला कळते. पण फिल्टर गुपचूप गळून अख्ख्या गोव्याची यादी गेली तर माणूस भलत्याच गावी पोचतो. तालुका अनिवार्य करा, प्रकार स्ट्रिंग ठेवा आणि १२ स्लग ईनम (चालणाऱ्या मूल्यांची यादी) म्हणून द्या. इथे एक खड्डा आहे: स्वतःचा सॅनिटाइझ_कॉलबॅक (मूल्य साफ करणारे फंक्शन) जोडला की ईनमची आपोआप होणारी तपासणी बंद पडते. तो हवाच असेल तर व्हॅलिडेट_कॉलबॅक (मूल्य तपासणारे फंक्शन) म्हणून रेस्ट_व्हॅलिडेट_रिक्वेस्ट_आर्ग सोबत द्या. सॅनिटाइझ_की तर नकोच. देवनागरी आले की ते सगळे पुसून रिकामी स्ट्रिंग देते. पानाच्या क्रमांकासाठी इज_न्यूमेरिक थेट व्हॅलिडेट_कॉलबॅकमध्ये घालू नका. त्याला तीन आर्ग्युमेंट्स जातात आणि पीएचपी ८ मध्ये तिथेच एरर येतो. प्रकार इंटिजर, किमान १, एवढे पुरते.

डब्ल्यूपी_क्वेरीत स्थिती पब्लिश, पानाला २० नोंदी. उणे एक, म्हणजे सगळ्या नोंदी एकदम, कधीच नको. मेटा_क्वेरीत (कस्टम फील्डवरच्या शोधात) तारीख न्यूमेरिक प्रकाराने 'आजपासून पुढे' अशी लावा. क्रम तारखेने, आणि दुसरा निकष आयडी. एकाच दिवशी अनेक देवळांत उत्सव असतात. आयडी नसेल तर पहिल्या पानावरची नोंद दुसऱ्या पानावर पुन्हा दिसू शकते आणि एखादी गळूनही जाते.

'आज' काढताना पीएचपीचे साधे डेट वापरू नका. वर्डप्रेस त्याचा टाइमझोन यूटीसी ठेवते, म्हणून पहाटे ५.३० पर्यंत ते कालचीच तारीख देते. मध्यरात्रीनंतर यादी बघणाऱ्यांना नेमका हाच घोळ भोवतो. सेटिंग्जमध्ये टाइमझोन कोलकाता निवडून डब्ल्यूपी_डेट वापरा.

उत्तरात अख्खी पोस्ट नको. शीर्षक, तारीख, तिथी, गाव आणि दुवा पाठवा. शीर्षकातली एचटीएमएल एंटिटी उलगडा, नाहीतर अॅपमध्ये अवतरणचिन्हाजागी आकडे दिसतात. एकूण नोंदी आणि एकूण पाने हेडरमध्ये घाला. त्यासाठी एकूण मोजणी बंद करणारे नो_फाउंड_रोज चालू नको.

तपासताना ४०४ (पत्ता सापडला नाही) आणि 'रेस्ट_नो_रूट' आले तर हुक किंवा नेमस्पेस चुकला आहे. वर्डप्रेसऐवजी सर्व्हरचेच ४०४ पान आले तर सेटिंग्जमध्ये पर्मालिंक (पत्त्यांची रचना) 'प्लेन' आहेत का बघा. मग मुद्दाम तालुक्याचे स्पेलिंग चुकवून बघा, ४०० (मागणी चुकीची) यायला हवे. तालुका न देताही ४०० हवे. यादी आली तर एंडपॉइंट अजून लोकांसमोर ठेवू नका.