कुरकुरीत पोर्क घातलेले ग्वाकामोले

ग्वाकामोले हा मेक्सिकोचा पदार्थ असून त्याचे नाव नाहुआत्ल भाषेतील ‘आवाकामोल्ली’, म्हणजे अ‍ॅव्होकाडोची चटणी, या शब्दावरून आले आहे. त्यावर घालायच्या तळलेल्या पोर्कच्या तुकड्यांना तिकडे चिचारोन म्हणतात.

पुण्यात खरी अडचण असते ती फळ निवडण्याची. मंडईत किंवा मार्केट यार्डात दिसणारे दक्षिणेकडचे मोठे, हिरव्या गुळगुळीत सालीचे फळ बहुधा पाणचट निघते. त्यापेक्षा खडबडीत सालीचा, पिकल्यावर काळपट होणारा हास जातीचा अ‍ॅव्होकाडो घ्यावा, कारण त्यात स्निग्धांश अधिक असतो. हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यानंतरच मऊ होते; म्हणून ते तीन-चार दिवस आधी आणून, आंब्याची आढी घालतो त्याप्रमाणे, पिकलेल्या केळ्यासोबत कागदात गुंडाळून ठेवावे. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबल्यावर किंचित दबले की ते तयार झाले. पाहुणे येण्याच्या दिवशीच आणलेली दगडासारखी फळे मी एकदा मायक्रोवेव्हमध्ये मऊ करून पाहिली होती. ती मऊ झाली खरी, पण इतकी कडवट लागली की सगळी टाकून द्यावी लागली.

चार जणांसाठी सालासकट पोटाकडचे ५०० ग्रॅम पोर्क पुरते. कॅम्पातील कोल्ड स्टोरेजच्या दुकानात ते मागावे आणि साल काढू नये असे आवर्जून सांगावे. अखंड तुकडा मीठ व तमालपत्र घातलेल्या पाण्यात मंद आचेवर सुमारे ४५ मिनिटे शिजवावा, निथळून फडक्याने कोरडा टिपावा आणि फ्रिजमध्ये रात्रभर उघडाच ठेवावा. सालीत ओल राहिली तर तेल उडते आणि तुकडे चिवट होतात, त्यामुळे ही पायरी गाळू नये. दुसऱ्या दिवशी दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेलावर मंद आचेवर परतत राहावे. लोणी कढवताना होते तशीच चरबी हळूहळू सुटत जाते आणि तुकडे स्वतःच्याच चरबीत तळले जातात. तडतड कमी झाली आणि रंग बदामी झाला की आच वाढवावी, कढईवर जाळी ठेवावी आणि साल फुगून कुरकुरीत होताच तुकडे कागदावर काढावेत.

मेक्सिकोत ग्वाकामोले ज्वालामुखीच्या दगडाच्या तीन पायांच्या खलात, मोल्काहेतेत, ठेचतात. आपल्याकडे दगडी खलबत्ता त्याच कामाचा आहे. मिक्सर मात्र काढूच नये, कारण त्यातून गुळगुळीत मलम निघते. एक छोटा कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर आणि अर्धा चमचा मीठ आधी ठेचून घ्यावे, नंतर तीन अ‍ॅव्होकाडोंचा गर घालून तो काही ठिकाणी जाडसर राहील इतपतच दाबावा आणि एका लिंबाचा रस घालावा. हवा लागून गर काळा पडतो. लिंबाच्या आंबटपणाने ते लांबते, थांबत नाही, तेव्हा वाट पाहायची असल्यास प्लॅस्टिकचा कागद थेट पृष्ठभागाला चिकटवून ठेवावा. बिया काढलेला टोमॅटो घालायचा असेल तर अगदी शेवटी.

पोर्क आधीच मिसळून ठेवल्यास ते दहा मिनिटांत मऊ पडते. म्हणून ग्वाकामोले पसरट वाडग्यात काढून, मंडळी टेबलाशी बसल्यावरच वर गरम तुकडे पेरावेत आणि सोबत मक्याचे चिप्स द्यावेत.