पद्मिनी मागून बसली असेल तर आधी टेप काढा, पाना नंतर

आमच्या अण्णांची 84 ची प्रीमियर पद्मिनी आहे, म्हणजे आपली जुनी फियाटच. सोलापुरात सात रस्त्यावर एकानं बघून "काय बे, गाडी मागनं बसूलाली की" म्हटलं आणि मग मी तेच केलं जे सगळे करतात, म्हणजे मागचे दोन्ही शॉकअप नवीन टाकले. पैसे गेले, गाडी सूतभर पण वर आली नाही. येणार कशी? साधा तेलाचा शॉकअप गाडी उचलून धरत नाही ओ, तो फक्त गाडीची उसळी आवरतो. उंची ठरते मागच्या पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी स्प्रिंगपट्ट्यांच्या, कमानीवर, आणि 40 वर्षांत ती कमान सपाट झालेली असते.

आता पद्मिनी काय स्पोर्ट्स कार नाही, पण चेन्नईजवळच्या शोलावरमच्या रेसिंग ट्रॅकवर एकेकाळी ह्याच फियाट पळायच्या, आणि परदेशातली एमजी-बी ही स्पोर्ट्स कार सुद्धा मागून पाट्यांवरच उभी असते, त्यामुळं काम जवळपास सारखंच. शिवाय प्रीमियर काढणारे वालचंद हिराचंद 1882 साली सोलापुरातच जन्मले, म्हणजे गाडी कुर्ल्यात बनली तरी मूळ आपलंच.

तर आधी माप. जमिनीपासून मापू नका, टायरमधली हवा आणि झीज त्यात घुसते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा, चारी चाकांना. जागा सपाट पाहिजे, हवा सारखी पाहिजे, डिकीत स्टेपनी जागेवर, बाकी चादरीचे गठ्ठे वगैरे काढून टाका, आणि मापायच्या आधी मागचा बंपर दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे अडकलेले पाटे मोकळे होतात. माझी डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच खाली होती. आता इथं एक गंमत आहे, कधीकधी मागची एक बाजू खाली दिसते पण दोष पुढच्या स्प्रिंगचा असतो, गाडी कोपऱ्यातून कोपऱ्यात कलते. ते ओळखायला पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चाकांमधल्या आडव्या तुळईच्या) बरोब्बर मधे जॅक लावून पुढची चाकं जरा उचला आणि मागचं माप परत घ्या. फरक गेला तर दोष पुढं, तसाच राहिला तर मागं.

मग उंची वाढवायचे तीन रस्ते. एक, मागचं शेकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक बॉडीला टांगणारी पट्टी, लांब करायचं. स्वस्त पडतं, पण शेकल एक इंच वाढवलं तर गाडी अर्धाच इंच वर येते, कारण पाट्याचं एकच टोक खाली गेलेलं असतं, आणि शिवाय हाऊजिंगचा (मागच्या दोन चाकांमधल्या आडव्या आसाचा) कोन फिरतो, मग मागच्या चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट घरघर करतो. दोन, एक पाटा जादा टाकायचा. ट्रॉलीला ठीक आहे, रिकाम्या पद्मिनीत मागं बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं जातो. तीन, पाटे काढून नव्यानं कमान चढवायची, मी हेच सांगेन. ज्यांना उलट गाडी लो करायची हौस आहे ते पाटा आणि हाऊजिंगच्या मधे ठोकळा (ब्लॉक) टाकतात, पण आधी वाकून बघा, पाटा हाऊजिंगच्या खालून जात असेल तरच ब्लॉकनं गाडी खाली येते, वरून जात असेल तर उलटी वर जाईल. आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता लो करून काय मिळवणार देव जाणे.

आदल्या रात्री यू-बोल्ट (पाटा हाऊजिंगला बांधणारे) आणि शेकलच्या नटांना ब्रशनं डिझेल लावून ठेवा. काम पहाटे सहाला सुरू करा, एप्रिलमध्ये दहानंतर गाडीखाली झोपायची सोय नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावा, हँडब्रेकवर विसंबू नका, मागची चाकं हवेत गेल्यावर तो काय धरणार. बॉडीखाली घोड्या (जॅक स्टँड) लावा आणि घोड्यांखाली जाड फळी टाका, शहाबादी फरशी थेट वजनानं फुटते, माझी फुटली. नुसत्या जॅकवर कधीच खाली जाऊ नका. हाऊजिंगला वेगळा जॅक द्या, शॉकअप सोडा, मग यू-बोल्ट, मग शेकल आणि पुढचा बोल्ट. हाऊजिंग ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका.

पाटे घरी उघडायची हौस करू नका, सगळे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट निघाला की सगळा जुडगा उसळतो. शिकंज्यात धरूनच उघडतात. आमचे पाटेवाले चाचा जमिनीवर खडूनं जुनी कमान काढतात, बाहेर नवी काढतात आणि एकेक पाटा गारच ठोकून त्या रेघेवर आणतात. कोणी गॅसनं लाल करून वाकवायला लागला तर पाटे उचला आणि घरी या. तापवलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, परत तेलात विझवून नीट पाणी दिलं नाही तर महिन्यात परत बसणार नाहीतर तुटणार. तडा गेलेला पाटा ठोकायचा नाही, बदलायचा. दोन्ही बाजू एकदमच करा. ताजी कमान पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसतेच, म्हणून मी पाहिजे त्यापेक्षा अर्धा इंच जास्त मागितली.

बसवताना पाट्यांमधे ग्रॅफाइट ग्रीस, पाट्याच्या टोकांतले रबरी बुश नवे, यू-बोल्ट पण नवे. सेंटर बोल्टचं डोकं हाऊजिंगच्या भोकात बरोबर बसलंय का बोटानं चाचपून बघा, नाहीतर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. यू-बोल्ट आडवे-तिडवे थोडे थोडे आवळा.

आणि आता ते, जे माझ्या पहिल्या मेकॅनिकनं केलं नव्हतं. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत! हातानं बसतील तेवढेच. गाडी खाली चाकांवर उतरवा, दोन माणसं डिकीवर दाबून सोडू देत, मग आवळा. हवेत आवळले तर रबर त्याच कोनात चिकटतं, गाडी खाली आली की पिळतं, गाडी खोटी उंच दिसते आणि बुश थोड्या दिवसांत फाटतात.

मी तुळजापूरला जाऊन आलो, जाऊन-येऊन 90 किलोमीटर, आणि दारात आल्यावर यू-बोल्ट परत आवळले, पाव आटा तरी फिरलेच. घाटात स्टिअरिंग जरा हलकं लागलं, मागची बाजू उचलली की पुढचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागं झुकलेला कोन, थोडा कमी होतो, सवय होते. हेडलाइट मात्र खाली बघायला लागतात, ते भिंतीसमोर उभं करून परत सेट करा.

मापं मी डिकीच्या झाकणाच्या आत मार्करनं तारखेसकट लिहून ठेवलीत. तीन महिन्यांनी डावी अर्धा इंच बसली, उजवी त्याहून सूतभर कमी.