घासण्याआधी ओळखा: अनोळखी दगडांच्या बाबतीत या चुका टाळा

बडोद्यात राहून दगड घासायची हौस करणाऱ्याला दगडांचा तुटवडा कधी पडत नाही. दक्षिणेला रतनपूरच्या अकीकाच्या (अ‍ॅगेटच्या) खाणी आणि नर्मदेचं पात्र, पश्चिमेला खंबात, पूर्वेला छोटा उदेपूरचा डोलोमाइट आणि फ्लुओराइट, ईशान्येला पावागढ. तुटवडा आहे तो धीराचा. दगड पिशवीतून बाहेर यायच्या आत त्याचं बारसं झालेलं असतं. हिरवा म्हणजे जेड, जांभळा म्हणजे अ‍ॅमेथिस्ट, काळा म्हणजे ऑनिक्स, आणि काहीच सुचलं नाही तर "अकीकच असणार ना, काका". मग तो चाकावर चढतो, फुटतो, खड्डे पडतात, चमक येत नाही, आणि मंडळी माझ्याकडे मशीनची तक्रार घेऊन येतात. मशीन बहुतेक वेळा निर्दोष असतं.

रंगावरून नाव ठेवणं

सगळ्या चुकांची ही आई, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त बँकवाले गृहस्थ आहेत, मांजलपूरला राहतात. माणूस चिकाटीचा, पण एकदा मनात काही धरलं की धरलं. भाचीच्या लग्नात द्यायला म्हणून त्यांनी हिरव्या दगडाची पेंडंट्स करायला घेतली. दगड एका मार्बलवाल्याच्या आवारातल्या भंगारातून उचललेला. गडद हिरवा, हाताला थंडगार, मधून पांढऱ्या रेघा. "जेड आहे," ते म्हणाले. देणाऱ्याने जेड म्हटलेलं नव्हतं, त्याने तर पैसेही घेतले नव्हते. नाव ह्यांचंच.

आकार झकास दिला होता. पण चमक काही येईना. नमद्यावर सिरियम ऑक्साइड (चमक आणायची भुकटी) लावून घास घास घासलं, तरी हिरवा भाग तेलकट दिसे आणि पांढऱ्या रेघांच्या जागी नाल्या पडलेल्या. शेवटी माझ्याकडे आले.

"अहो, सिरियम नकली मिळतोय हल्ली."

मी म्हटलं, "सिरियम राहू दे. घरातून चाकू आणा बघू."

"जेडला चाकू लावता?"

लावला. मागच्या बाजूला, कडेला. सरळ ओरखडा उठला आणि पांढरट भुकटी निघाली. जेड म्हणून जे दोन दगड ओळखले जातात, नेफ्राइट आणि जेडाइट, त्यांचं काठिण्य, म्हणजे १ ते १० च्या मोह्स मोजपट्टीवरचा कडकपणा, ६ ते ७ च्या दरम्यान असतं. घरातल्या चाकूचं पोलाद साधारण साडेपाचचं, त्याने ते ओरखडत नाहीत. गृहस्थांचा चेहरा पडला, पण मान्य करेनात. म्हणून वजन केलं.

हे वजन प्रत्येकाने शिकून घ्यावं, कारण याला लागतो फक्त दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा, एक प्लास्टिकचा पेला आणि दोरा. कोरड्या दगडाचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही, दोरा हातातच धरायचा. काट्यावर जो आकडा येतो ते दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा, विशिष्ट गुरुत्व हातात, म्हणजे दगड तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड ते. त्यांचा तुकडा कोरडा ५३.० ग्रॅम भरला, पाण्यात आकडा आला २०.५. भागाकार २.५९. नेफ्राइट असता तर २.९५ च्या आसपास यायला हवा होता, जेडाइट असता तर ३.३. आणि २.५९ सर्पेंटाइनला चपखल बसतो. राजस्थानात केसरियाजीच्या बाजूने जो हिरवा 'मार्बल' येतो, जो निम्म्या बडोद्याच्या जिन्यांवर आणि ओट्यांवर बसवलेला आहे, तो मुळात सर्पेंटाइनच. पांढऱ्या रेघांवर अ‍ॅसिडचा थेंब टाकला तर फसफसल्या, म्हणजे त्या कॅल्साइटच्या. कॅल्साइटचं काठिण्य ३, आजूबाजूचा हिरवा दगड त्याहून कठीण. मऊ भाग आधी झिजला आणि नाल्या पडल्या. सिरियमचा त्यात काडीचा दोष नव्हता.

पेंडंट्स शेवटी झाली. बारीक पॉलिशपेपरवर भरपूर पाणी घेऊन, हाताने, मग चामड्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. आरशासारखी चमक नाही, पण मेणासारखी छान झाक आली. भाचीला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

रंगाचे बाकीचे सापळे थोडक्यात. भडक गुलाबी, जांभळा किंवा निळा अकीक दिसला की रंगवलेला समजा. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसा, बऱ्याचदा बोळाच कबुली देतो. काळा ऑनिक्स बहुतेक वेळा साखरेच्या पाकात भिजवून मग गंधकाम्लात टाकलेला साधा अकीक असतो. साखर जळते, कोळसा आत राहतो. तो कळायला जाड काप काढावा लागतो, मधोमध राखाडी पट्टा सापडला की झालं. रतनपूरचा लाल अकीकही पुष्कळदा खाणीतून पिवळट-तपकिरीच निघतो आणि भाजल्यावर लाल होतो, कारण आतल्या लोहाचं रूप बदलतं. ही फसवणूक नाही, शेकडो वर्षांची रीत आहे. पण तुम्ही रानात लालच शोधत फिरलात तर चांगला माल पायाखालून जाईल.

ओरखडा आणि रेघ यांत घोळ

गारगोटीवर चाकू ओढला की करडी रेघ दिसते. नवशिके लगेच लिहून टाकतात, "मऊ आहे". ती रेघ चाकूच्या पोलादाची असते. ओलं बोट फिरवा, पुसली गेली तर दगडाने चाकू खाल्ला, नखाला खाच लागली तर चाकूने दगड. आणि ओरखडा ताज्या फुटलेल्या भागावर काढायचा. नदीकाठच्या गोट्याची साल पुष्कळदा कुजलेली आणि मऊ असते.

काचेला माणिक-पाचू समजणं

पारदर्शक, सुंदर रंगाचा आणि रस्त्याकडेला सापडलेला दगड जवळजवळ नेहमी काच असतो. भट्टीतला मळ असतो, जुन्या बाटलीचा गोळा असतो. दहापट भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले की विषय संपला. बुडबुडे नसले तर लॅपटॉपवर पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल स्क्रीनसमोर धरून इतका फिरवा की पडदा काळा होईल, आणि मधे दगड धरून गोल फिरवा. काच काळीच राहते, फार तर तिच्यातल्या ताणामुळे अंधुक पट्टे दिसतील. स्फटिक एका पूर्ण फेरीत चार वेळा उजळतो आणि विझतो. अकीक सतत उजळलेला राहतो, कारण तो असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा गच्च गोळा आहे. गार्नेट आणि फ्लुओराइटही काळेच राहतात, तेव्हा फक्त यावर विसंबू नका.

हिरा तपासायचं म्हणून ऑनलाइन मिळणारं पेनासारखं टेस्टर यासाठी घेऊ नका. ते उष्णता किती वेगाने वाहते एवढंच मोजतं. अंगठीच्या धातूला टेकलं तरी बोंबलतं. मोबाइलमध्ये फोटो टाकला की नाव सांगणारी अ‍ॅप्स तर रंगच बघतात, म्हणजे तीच चूक, फक्त जास्त वेगाने.

कोरडं घासणं

इथे मी थट्टा करत नाही. वर सांगितलेल्या गृहस्थांनी तो सर्पेंटाइन बाल्कनीत कोरडाच ग्राइंडरला लावला होता. सर्पेंटाइनमध्ये तंतुमय प्रकार असू शकतो, तो म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. हिरवा मॅलाकाइट हे तांब्याचं खनिज, त्याची धूळ विषारी. आणि अकीक, गारगोटी, जास्पर ही तर शुद्ध सिलिका. खंबातच्या अकीक घासणाऱ्यांत सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, किती आहे हे काही गुपित नाही, त्यावर कित्येक वर्षं अभ्यास झालेत. जे स्वतः घासत नाहीत पण त्याच घरात किंवा शेजारी राहतात अशांच्या फुप्फुसांतही तो सापडला आहे. एकदा जडला की परत फिरत नाही. दगड कुठला हे माहीत नसेल तेव्हा तो सगळ्यात वाईट आहे असं धरून चालायचं. चाकावर सतत पाणी, तोंडावर एन-९५ किंवा त्याहून बरा मास्क, आणि काम संपलं की चिखल ओला असतानाच पुसून घ्यायचा. वाळल्यावर झाडू मारणाऱ्याला मी माझ्या खोलीत पुन्हा येऊ देत नाही. रुमाल बांधून घासणाऱ्यांबद्दल तर काही लिहीतच नाही.

सगळे गोटे एकाच डब्यात

माझा दुसरा लाडका राग. नर्मदाकाठी चांदोदला गेले, नावेत बसले, येताना पिशवीभर गोटे आणले, घरी येऊन टम्बलरमध्ये (गोटे गुळगुळीत करणाऱ्या फिरत्या डब्यात) ओतले आणि बटण दाबलं. नर्मदेच्या गोट्यांत अकीक असतो, जास्पर असतो, क्वार्टझाइट असतो आणि काळा बेसॉल्टही असतो. पहिले तीन काठिण्य ७ च्या आसपासचे, एकमेकांशी जमवून घेतात. बेसॉल्टचं तसं नाही. त्यात वायूच्या बुडबुड्यांनी केलेली भोकं असतात, आणि काही भोकांत झिओलाइट किंवा कॅल्साइट भरलेलं. ते मऊ भरण पहिल्या आठवड्यातच निघून जातं आणि रिकाम्या भोकांत ८० नंबरचं कार्बोरंडम (घासायची जाडी भुकटी) जाऊन बसतं. तुम्ही डबा धुता, गोटे धुता, सगळं स्वच्छ दिसतं. मग बारीक भुकटीच्या ५०० नंबरवर किंवा थेट पॉलिशच्या पायरीवर तो कण भोकातून सुटतो आणि डब्यातल्या प्रत्येक अकीकावर चंद्रकोरीसारखे ओरखडे काढून ठेवतो. महिनाभर मशीन घरघरत राहिलं, शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली, आणि हाती आले मॅट गोटे.

एका कॉलेजच्या पोराने हे असं दोनदा केलं. दुसऱ्या वेळी मी त्याला सगळे गोटे ताटात ओतून लोहचुंबक दिला. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात, दोऱ्याला टांगलेला चांगला चुंबक त्याच्याकडे हलकासा झुकतो. अकीकाकडे झुकत नाही. उरलेल्यांवर चाकू, मग भिंगाखाली भोकं. अर्ध्या तासाचं काम. पोरगा म्हणाला, "एवढं करायचं तर मजा काय?" त्याला मी काही बोललो नाही, नुसती ८० नंबरची पुडी परत कपाटात ठेवली. मग बसला निवडत.

कॅल्साइटसारखा कार्बोनेटचा दगड चुकून डब्यात गेला तर आत वायू तयार होऊ शकतो, म्हणून अनोळखी माल असताना मी रोज एकदा झाकण सैल करतो. आणि टम्बलरचा चिखल मोरीत ओतू नका. प्लंबरला कारण सांगताना लाज वाटते.

चिरा न बघता कापणं

छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगरच्या बाजूला फ्लुओराइट आहे आणि त्यात जांभळा रंगही येतो. तो अ‍ॅमेथिस्ट समजून कापायला घेतलेला पाहिला आहे. फ्लुओराइटचं काठिण्य ४ आणि तो चार दिशांनी सपाट फुटतो. घासताना धरायच्या काडीला चिकटवायला गरम लाख लावली की तेवढ्या उष्णतेनेही तडकतो. चंद्रकांत (मूनस्टोन) आणि लॅब्राडोराइटही दोन दिशांनी फुटतात, म्हणून कडेवर हलका हात. ओळखायची माझी सवय अशी: फुटलेला भाग दिव्याखाली फिरवायचा. आरशासारखे सपाट तुकडे एकदम चमकले तर तो असा सपाट फुटणारा आहे, लाख बाजूला ठेवायची आणि थंड गोंद वापरायचा. शिंपल्यासारखी वळणदार फूट दिसली तर बहुतेक गारगोटीच्या कुळातला, बिनधास्त लावा.

ओल्या दगडावर भाळणं

नदीत ओला असताना प्रत्येक गोटा राजघराण्यातला दिसतो. वाळवून बघा, मगच पिशवीत टाका. पॉलिश झालं की नाही हेही पूर्ण वाळल्यावरच ठरवायचं.

अ‍ॅसिड भसाभस ओतणं

एक थेंब पुरतो. कॅल्साइट लगेच फसफसतो. डोलोमाइट थंड पातळ अ‍ॅसिडला फारशी दाद देत नाही, त्याची भुकटी खरवडून तिच्यावर थेंब टाकावा लागतो, तेव्हा हळूहळू बुडबुडे येतात. पूर्वेकडून आणलेल्या पांढऱ्या दगडांना हे हमखास करून बघा. पातळ करताना अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडात कधीच नाही.

कुठूनही उचलणं

पावागढ-चांपानेर २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथला रायोलाइट कितीही सुरेख दिसला तरी तो तिथेच राहू द्या. बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोरचे अवशेष आहेत, तिथला खडाही खिशात घालायचा नाही. खाणीत जायचं तर विचारून जा. बाहेर टाकलेला माल पुष्कळदा हसत देतात.

आणि मला किंवा आणखी कोणाला विचारायचं असेल तर दगड घासून गुळगुळीत करून आणू नका. अर्धा तरी कच्चा ठेवा, एक ताजी फूट असू द्या. कुठे सापडला ते कागदावर लिहा, नुसतं 'नदीत' नाही, कुठल्या नदीत आणि कुठल्या गावाजवळ. कोरडं वजन, पाण्यातला आकडा, चाकूचं आणि अ‍ॅसिडचं काय झालं, हेही लिहा. नावाची जागा कोरी सोडा. माझ्याकडे अशा कोऱ्या जागेच्या चिठ्ठ्या लावलेल्या दगडांची एक अख्खी पेटी आहे आणि त्यातले काही असेच राहणार आहेत. दुपारी दोन ते चार सोडून कधीही या.