वर्गात क्ले अ‍ॅनिमेशन करताना या चुका टाळा

तासभर खपून गटाने शंभर-एक फोटो काढलेले असतात. सगळी मुलं मोबाईलभोवती गोळा होतात, कुणीतरी प्ले दाबतं. मातीची गोगलगाय सरकते, पण तिच्यासोबत मागचा डोंगरही थरथरत असतो. उजेड वीज चमकावी तसा कमी-जास्त होतो आणि मध्येच एक अंगठा येऊन जातो. मुलांचे चेहरे उतरतात. त्यांना वाटतं, आपली गोगलगायच चांगली जमली नाही.

गोगलगाय अगदी चांगली असते. बिघडवलेलं असतं ते आजूबाजूच्या गोष्टींनी. स्टॉप मोशनमध्ये, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढून ते सलग चालवण्याच्या या पद्धतीत, हलायचं ते फक्त मातीने. कॅमेरा, टेबल, उजेड, देखावा, सावल्या या सगळ्यांनी जागच्या जागी राहायचं. हा एक नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगितला, तर पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत. मुलांबरोबर असे छोटे चित्रपट करताना मला वारंवार दिसलेल्या चुका आणि त्यांवर लागू पडलेले उपाय इथे देते आहे.

मोबाईल हातात धरून फोटो काढणं

मूल कितीही स्थिर उभं राहिलं, तरी दोन फोटोंमध्ये हात हलतोच. त्यामुळे मोबाईल कशात तरी घट्ट बसलेला हवा. ट्रायपॉड नसला तरी अडत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला भिंगापुरतं भोक पाडून मोबाईल आत टेकवा किंवा पुस्तकांच्या दोन थप्प्यांमध्ये तो अडकवा. मग खोकं, पुस्तकं आणि देखाव्याचा पुठ्ठा सगळंच मास्किंग टेपने टेबलाला चिकटवून टाका.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ट्रायपॉड जमिनीवर आणि देखावा टेबलावर असला, तर टेबलाला लागलेला बारीकसा धक्काही चित्रपटात उडी बनून दिसतो. कॅमेरा आणि देखावा एकाच टेबलावर किंवा एकाच फळीवर पक्के बसवले, तर धक्का लागल्यावर दोन्ही एकत्र सरकतात आणि चित्र बऱ्याच अंशी शाबूत राहतं. तरीही टेबलावर कोपर टेकायला मनाईच ठेवा.

दुसरा हादरा बसतो तो फोटोसाठी स्क्रीनवर बोट दाबताना. बऱ्याच मोबाईलमध्ये इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो निघतो, ते चालतं का पाहा. नाहीतर ब्लूटूथचं छोटं बटण वापरा किंवा अ‍ॅपमधला टायमर लावा. शाळेच्या संगणकाला यूएसबीचा वेबकॅम जोडता आला तर फारच उत्तम. कळ कीबोर्डवर दाबायची असल्याने कॅमेऱ्याला कुणाचा स्पर्शच होत नाही. चित्र जरा साधं येतं, पण लहान मुलांसाठी मी चांगल्या मोबाईलपेक्षा पक्का बसवलेला वेबकॅमच निवडेन.

आणि धक्का लागलाच तर? स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या अ‍ॅपमध्ये ‘अनियन स्किन’ची सोय असते. आधीचा फोटो पुसट होऊन आताच्या चित्रावर दिसतो. त्यावर देखाव्याच्या कडा जुळवून कॅमेरा पूर्वीच्या जागी आणता येतो. कडा जुळतच नसतील, तर हट्ट सोडा आणि कॅमेरा सरळ पात्राच्या जवळ नेऊन नवा शॉट सुरू करा. चित्र थोडंसं उडालं की प्रेक्षकाला चूक जाणवते. तेच कोन पूर्ण बदलला, तर दिग्दर्शकाने शॉट बदलला असं वाटतं.

उजेडाकडे दुर्लक्ष

सर्वांत जास्त चित्रपट इथे बिघडतात. शूटिंग चालू असताना चूक दिसत नाही, कारण आपले डोळे उजेडाशी सतत जुळवून घेत असतात. कॅमेरा मात्र प्रत्येक फोटोला नवा हिशेब मांडतो. लाल शर्ट घातलेली मुलगी जवळ आली की तो रंग बदलतो, पांढरा कागद हलला की चित्र काळवंडतं. असे फोटो सेकंदाला १२ या वेगाने समोरून गेले की दिसते ती लुकलुक.

म्हणून कॅमेऱ्याला स्वतःहून काहीच ठरवू देऊ नका. फोकस, एक्स्पोजर (चित्र किती उजळ यावं ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा. बऱ्याच मोबाईलमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर जागेवर थांबतात. स्टॉप मोशनच्या अ‍ॅपमध्ये यासाठी वेगळी मॅन्युअल सेटिंग असते आणि वेबकॅमच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’समोरच्या खुणा काढाव्या लागतात. एचडीआर, फ्लॅश आणि नाइट मोडही बंद करा.

मग खिडकी. सूर्य सरकतो, ढग येतात. तासभराच्या शूटिंगमध्ये सावली टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जाऊ शकते. पडदे ओढा, काचांवर जाड कागद लावा किंवा खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात बसा. दोन टेबललॅम्प समोरून डाव्या-उजव्या बाजूंनी लावले की काम भागतं. दिवा डोळ्यांवर येत असेल, तर त्याच्यासमोर थोड्या अंतरावर बटर पेपर धरून उजेड मऊ करता येतो. मात्र कागद तापणाऱ्या बल्बला टेकू देऊ नका, शक्यतो एलईडी दिवाच घ्या.

हे सगळं करूनही लुकलुक राहिली, तर दोष कुठे आहे ते शोधायची सोपी चाचणी आहे. सगळ्यांना टेबलापासून तीन पावलं मागे न्या. काहीही न हलवता १० फोटो काढा आणि चालवून पाहा. चित्र अजूनही लुकलुकत असेल, तर दोष कॅमेऱ्याच्या सेटिंगचा किंवा दिव्याचा. स्थिर असेल, तर दोष माणसांच्या सावल्यांचा आणि कपड्यांवरून परतणाऱ्या उजेडाचा. दुसऱ्या बाबतीत उपाय सोपा आहे. फोटो काढताना प्रत्येकाने दर वेळी एकाच ठरलेल्या जागी उभं राहायचं आणि टेबलाजवळच्या मुलाने गडद रंगाचे कपडे घालायचे.

दोष दिव्याचा निघाला, तर शटरचा वेग, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते, बदलून बघा. आपल्याला दिसत नसलं तरी विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा कमी-जास्त होत असतात. ५० हर्ट्झच्या विजेवर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद आणि ६० हर्ट्झच्या विजेवर १/६० किंवा १/१२० ठेवलं की लुकलुक बहुधा थांबते. शटर बदलताच येत नसेल, तर दिवाच बदला.

चुकीची माती

पाण्यात कालवलेली माती शिल्पासाठी सुंदर असते, पण तासाभरात सुकू लागते आणि पात्राच्या कोपरांना, मानेला चिरा पडतात. खेळायचा पिठासारखा मऊ डो उभाच राहत नाही, तोही सुकतो. अ‍ॅनिमेशनसाठी तेल-मेणाची क्ले घ्यावी, म्हणजे प्लॅस्टिसिनच्या जातीची. ती सुकत नाही आणि पुन्हा पुन्हा वापरता येते. ही क्ले मुळात शिकवण्याच्या गरजेतूनच आली, हे मला फार आवडतं. इंग्लंडमधल्या बाथ शहरातले कलाशिक्षक विल्यम हार्बट यांना विद्यार्थ्यांसाठी न सुकणारी माती हवी होती. त्यातून १८९७ साली त्यांनी प्लॅस्टिसिन तयार केलं.

या क्लेचीही एक खोड आहे. उबेने ती मऊ पडते. दिव्याखाली बराच वेळ ठेवलेलं पात्र हळूहळू वाकतं आणि मूल म्हणतं, ‘मी तर याला हातच लावला नाही.’ ते खरं बोलत असतं. फोटो घेणं थांबलं की दिवा बंद करा. पात्र फारच मऊ झालं, तर थोडा वेळ थंड जागी ठेवा.

उभी राहणारी पात्रं सतत पडतात, कारण मुलं पाय बारीक आणि डोकं मोठं करतात. पात्राची उंची ८-१० सेंटीमीटरच्या आत ठेवा, पाय जाड आणि पावलं पसरट करा. डोक्यात पूर्ण क्ले न भरता आत अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा ठेवून वरून क्लेचा थर द्या, वजन बरंच कमी होतं. मोठ्या मुलांना मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा करता येतो. तारेची टोकं दुमडून क्लेच्या आत घ्या, म्हणजे बोटांना टोचत नाहीत. पण पहिल्या चित्रपटात माणूस हवाच कशाला? अळी, गोगलगाय, घरंगळणारा गोळा, जमिनीतून वर येणारं रोप यांना पाय नसतात, तोल सांभाळावा लागत नाही आणि अभिनय भरपूर करता येतो.

रंग मिसळून सगळं करडं होणं ही नेहमीची तक्रार. आधी पांढरा, मग पिवळा, असं फिक्याकडून गडदाकडे जात मळा आणि प्रत्येक रंगानंतर बोटं ओल्या फडक्याने पुसा. डोळ्यांसाठी पांढरे मणी वापरले तर ते मळत नाहीत. मण्याच्या भोकात टाचणी घालून डोळा हलक्या हाताने फिरवता येतो. नुसती नजर वळली, तरी गोळ्यात जीव आल्यासारखं वाटतं.

सगळं एकदम आणि भराभर हलवणं

मूल पात्र उचलतं आणि चार बोटं पुढे ठेवतं. चालवून पाहिलं की पात्र इथून गायब होतं आणि तिथे उगवतं. इथे थोडं गणित फळ्यावर मांडून दाखवा. सेकंदाला १२ फोटो आणि प्रत्येक फोटोत ५ मिलिमीटर सरकलं, तर एका सेकंदात ६ सेंटीमीटर अंतर. ४० सेंटीमीटरचा देखावा ओलांडायला जवळपास सात सेकंद लागतील. सांगायचं ते मुलांना लगेच समजतं आणि पुढे ती स्वतःच पट्टी घेऊन बसतात.

सेकंदाला किती फोटो, हे शूटिंगच्या आधीच ठरवा आणि मध्येच बदलू नका. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने, म्हणजे २४ चित्रांनी चालतो, पण क्लेचं काम करणारे अनेक अ‍ॅनिमेटर एक स्थिती दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ स्थिती. शाळेत १२ पुरेत. अगदी लहान मुलांसाठी ८ सुद्धा चालतात.

सुरुवात आणि शेवट हळू ठेवायला शिकवा. निघताना २ मिलिमीटर, मग ३, मग ५, थांबताना पुन्हा कमी. एवढ्या एका गोष्टीने हालचालीत वजन येतं. पात्र थांबलं की त्या जागी ८-१० फोटो तसेच काढा. मुलांना हे वाया गेलेले फोटो वाटतात, पण त्या थांबण्यातच पात्र विचार करताना दिसतं.

उडणारा पक्षी दोऱ्याला टांगण्यात तास घालवू नका. कॅमेरा वर बांधा, भिंग खाली टेबलाकडे करा आणि पात्रं रंगीत कागदावर आडवी ठेवा. मग पडण्याचा प्रश्नच राहत नाही. पक्षी उडतो, मासा पोहतो, अक्षरं आपोआप जुळतात.

फोटोत हात आला, तर सगळं पुन्हा करायचं नसतं. तेवढी फ्रेम पुसली की झालं. त्यापेक्षा चांगलं म्हणजे गटातल्या एकाने दर वेळी ‘हात बाहेर!’ म्हणायचं आणि ते ऐकल्यावरच दुसऱ्याने फोटो काढायचा. हालचाल फार भरभर वाटली, तर अ‍ॅपमध्ये फ्रेमच्या प्रती करून ती थोडी सावकाश करता येते, पण उड्या मारणारी हालचाल त्याने गुळगुळीत होत नाही.

मोठी गोष्ट, मोठा गट

मुलांना राजा, राक्षस, लढाई सगळंच हवं असतं. त्यांना नाही म्हणू नका, हिशेब दाखवा. १० सेकंदांचे १२० फोटो होतात. एका फोटोला २० सेकंद धरली, तर ४० मिनिटं. म्हणजे शाळेतला एक तास संपला आणि हाती आली १० सेकंदं. हे कळलं की मुलं स्वतःच गोष्ट छाटतात. एक पात्र, एक अडचण, एक बदल. कागदावर सहा चौकोन आखून त्यात गोष्ट काढल्याशिवाय क्लेला हात लावायचा नाही.

गट तिघा-चौघांचा ठेवा. एकाने माती हलवायची, एकाने फोटो काढायचे, एकाने चौकोनांच्या कागदावर फोटो मोजत जायचं. दर २० फोटोंनी कामं बदलायची. सहा जणांच्या गटात तिघं कंटाळतात आणि टेबलाला धक्के त्यांचेच लागतात.

आणि आपण शिक्षकांनी पात्र हातात घेऊन ‘थांब, मी दाखवते’ म्हणू नये. मी हे अनेकदा केलं आहे. दर वेळी त्या मुलाचा चित्रपटातला रस तिथेच कमी झालेला मला दिसला. दाखवायचंच असेल, तर वेगळा गोळा घ्या.

आवाज शूटिंगनंतर भरा. ओठांची हालचाल शब्दांशी जुळवण्याच्या मागे सुरुवातीला लागू नका. निवेदन, टाळ्या, कागद चुरगळल्याचा आवाज पुरतो. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवा आणि मोबाईल तोंडापासून वीतभर लांब धरा.

शूटिंगच्या आधी मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा, चार्जर जोडा आणि जागा रिकामी करा. ब्लूटूथचं बटण वापरत असाल, तर फ्लाइट मोडनंतर ब्लूटूथ पुन्हा चालू करायला विसरू नका. अ‍ॅप न वापरता साध्या कॅमेऱ्याने फोटो काढले, तर संगणकावर कधी कधी १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागतो आणि पात्र मागे-पुढे नाचतं. फाइलींची नावं ०००१, ०००२ अशी चार अंकी ठेवली की हे टळतं.

काम झाल्यावर मुलं लगेच पात्रं कुस्करतात, पुढच्या गटाला क्ले हवी असते. तेवढं थोडं थांबवा. आधी चित्रपट व्हिडिओ म्हणून बाहेर काढा, दुसऱ्या जागी त्याची प्रत ठेवा आणि तो मोठ्या पडद्यावर एकदा पूर्ण पाहा. मोबाईलवर न दिसलेला अंगठा तिथे दिसतो. देखावा अजून टेपने चिकटलेलाच असेल, तर अनियन स्किनवर पात्र जुळवून राहिलेले चार फोटो तेव्हाच घेता येतात.