गॅरेजच्या भिंतींना काय लावावे? खालून वर ठरवत जा

हॉलच्या भिंतीला जे चालते तेच गॅरेजलाही लावून टाकले, की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात खालून पोपडे निघायला लागतात. गॅरेजची भिंत खालून वरपर्यंत एकसारखा मार खात नाही. कंबरेपर्यंत चिखल, गाडी धुतल्याचे पाणी, बंपर आणि दाराची धार. त्याच्या वर नुसती धूळ आणि उष्णता. म्हणून सगळ्या भिंतीला एकच साहित्य शोधू नका. खालचा पट्टा वेगळा, वरचा वेगळा, हत्यारांची जागा वेगळी, असे ठरवत गेलात तर खर्चही आटोक्यात राहतो आणि भिंतही टिकते.

पहिले काम: ओल तपासा

दुकानात जाण्याआधी हे कराच. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीच्या खालच्या भागावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. काढल्यावर प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो हवेतला, म्हणजे भिंतीचा नव्हे तर वायुवीजनाचा प्रश्न. ही तपासणी ऑगस्ट-सप्टेंबरात करावी. मे महिन्यात जवळजवळ प्रत्येक भिंत कोरडी निघते आणि फसवते.

भिंतीवर पांढरी भुकटी फुलली असेल तर पाणी पायातून किंवा बाहेरून भिंतीत मुरते आहे आणि सुकताना क्षार बाहेर सोडते आहे. अशा वेळी बाहेर जाऊन पाहा: छताच्या पाइपाचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडते का, कुंड्या किंवा बागेची माती भिंतीला टेकली आहे का, बाहेरच्या गिलाव्याला भेगा आहेत का. आधी ते दुरुस्त करा. ओल्या भिंतीवर टाइल किंवा पॅनेल मारून ओल जात नाही; तिला सुकायला वाट उरली नाही की ती आतून आणखी वर चढते आणि आच्छादनाच्या वरच्या कडेला डाग दिसू लागतात.

कोकणात आणि गोव्यात गॅरेजची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची असेल तर माझा स्पष्ट सल्ला: ती झाकू नका. चिऱ्यांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, नीट भरून घ्या आणि चुना मारा. जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि नंतर सोडतो. चुना त्याला श्वास घेऊ देतो, ऑइल पेंट मात्र फुगून सुटतो.

खालचा पट्टा: जमिनीपासून चार फूट

इथे टाइलचा डॅडो, म्हणजे भिंतीच्या खालच्या भागावर टाइलचा पट्टा, हा सर्वांत शहाणा पर्याय. ६०० × ३०० मिमीची टाइल उभी लावली तर दोन ओळींत १.२ मीटर, म्हणजे साधारण चार फूट पूर्ण होतात आणि कापाकापी वाचते. गवंडी टाइल सिमेंटच्या मालावर लावायला निघाला तर टाइल कोणती आहे ते विचारा. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी शोषतच नाही, त्यामुळे साध्या सिमेंटची पकड तिला पुरत नाही. तिला टाइल अ‍ॅडेसिव्हच हवे. लावून झाल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर ती काढून पुन्हा लावायला सांगा, कारण बंपरचा हलका धक्काही तिला फोडतो. सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट घ्या. साध्या ग्राउटमध्ये तेलाचे डाग मुरतात.

कोटा किंवा शहाबादी फरशी उभी लावली तरी चालते. ती जास्त दणकट असते, दिसायला मात्र काळपट. गाडीचे दार जिथे उघडते तिथे रबरी पट्टी लावून घ्या, म्हणजे दारही वाचेल आणि टाइलही.

वरचा भाग

इथे फार खर्च करू नये. १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलावा, किमान सात दिवस पाणी, पूर्ण सुकल्यावर प्रायमर आणि फिकट रंगाचे एक्स्टिरिअर इमल्शन. डिस्टेंपर स्वस्त असला तरी ओल्या फडक्याला टिकत नाही.

जिप्सम बोर्डाबद्दल एक गोष्ट समजून घ्या. जिप्सममध्ये सुमारे २१ टक्के पाणी रासायनिक रूपात बांधलेले असते, म्हणून आगीपुढे तो चांगला तग धरतो. भिजला मात्र की त्याचा दम जातो. वापरायचाच असेल तर फक्त वरच्या, कोरड्या भागात. पीव्हीसी पॅनेल याच्या उलट: पाण्याची भीती नाही, पण उष्णतेने वाकतात आणि जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू सोडतात. बंद गॅरेजमध्ये ते नकोत. थर्माकोलचे पॅनेल तर मुळीच नकोत.

हत्यारे आणि चार्जर

हत्यारे टांगायला सगळी भिंत प्लायने मढवू नका. मागच्या भिंतीवर १८ मिमीचा, आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्का असलेला एक प्लाय पुरतो. तो भिंतीला थेट न चिकटवता पट्ट्यांवर ठोका, मागे हवा खेळू द्या आणि खालची कड डॅडोच्या वर ठेवा, म्हणजे वाळवी सहज पोहोचत नाही आणि आली तरी तिची माती लगेच दिसते.

इलेक्ट्रिक स्कूटर किंवा कारचा चार्जर जिथे बसणार, तिथे मात्र प्लाय नको. तिथे नुसता गिलावा, टाइल किंवा फायबर सिमेंट बोर्ड असावा. बोर्ड घेताना अ‍ॅस्बेस्टॉसविरहित आहे याची खात्री करा, आणि कापताना सुतारालाही मास्क घालायला लावा. त्या धुळीतला सिलिका फुप्फुसांना इजा करतो.

माप आणि कामाचा क्रम

३ × ५.५ मीटरच्या गॅरेजला शटरची बाजू सोडून भिंतींची लांबी १४ मीटर होते. १.२ मीटरच्या डॅडोसाठी १६.८ चौरस मीटर, म्हणजे साधारण १८१ चौरस फूट टाइल. तुटफुटीसाठी दहा टक्के धरून २०० चौरस फूट मागवा आणि उरलेल्या टाइल जपून ठेवा. त्याच छटेचा माल पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही.

चार्जरची वायर आणि नळाचा पाइप आधी भिंतीत जाऊ द्या, मग गिलावा, मग टाइल, शेवटी रंग. टाइल आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून भिंत दीड-दोन सेंटिमीटर पुढे येते. म्हणून शटरच्या पट्टीजवळ टाइल लावण्याआधी शटर एकदा वर-खाली करून किती जागा सुटते ते मोजा. जागा कमी असेल तर तिथे पातळ टाइल घ्या किंवा डॅडो पट्टीच्या अलीकडेच थांबवा.