सम्पसाठी काच कापताय? एक सूत सोडा आणि या चुका टाळा

माशांची जुनी टाकी माळ्यावर पडून असते, नवीन मोठी टाकी घरात येते, आणि जुनीचाच सम्प करायचं ठरतं. सम्प म्हणजे माशांच्या टाकीखाली ठेवलेली, पाणी गाळणारी दुसरी टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. सम्पमध्ये चार-पाच बॅफल लागतात. पाण्याला कधी वरून, कधी खालून वळवणाऱ्या या उभ्या काचा. काचवाल्याकडून तुकडे कापून आणले जातात आणि घरी आल्यावर कळतं, बसतच नाहीत. कुठे केसभर जास्त, कुठे दोन एमएम. तेवढंच काढायला जावं तर काच भलतीकडेच तडकते. माझ्या पहिल्या सम्पच्या पाचपैकी तीन काचा अशाच गेल्या. कापताना हात चुकला असं तेव्हा वाटलं होतं. चूक खरं तर त्याच्या आधी, माप देतानाच झाली होती.

बारा इंची टाकी आतून बारा इंच नसते

बाहेरून १२ इंच, म्हणजे साधारण ३०५ एमएम. दोन्ही बाजूंच्या ५ एमएम काचा वजा केल्या की आत उरतात २९५ एमएम. त्यातून हाताने जोडलेली टाकी वर एक माप दाखवते, तळाशी दुसरं. म्हणून तळाशी, मध्ये आणि वर अशी तीन मापं घ्या आणि तीही जिथे बॅफल उभा राहणार आहे त्याच जागी. सगळ्यांत लहान माप धरा.

आता महत्त्वाचं. बॅफल त्या मापाचा कापायचाच नाही. त्यातून ३ एमएम कमी करायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड एमएम फट राहते. ही फट सिलिकॉनसाठी आहे. काचेला काच घासून बसली तर मध्ये सिलिकॉन जायला जागा राहत नाही, आणि काचेवर ताण आला की तो नेमका त्या टेकलेल्या टोकावर येतो. ‘घट्ट बसली म्हणजे पक्की बसली’ हे लाकडाच्या फळीला चालतं, काचेला नाही.

सूत की एमएम, आधी ठरवा

आपण घरी एमएममध्ये मोजतो, आणि बऱ्याच काचवाल्यांचा हिशोब इंच-सुतात चालतो. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३ एमएमच्या किंचित वर. मी ‘२९५’ सांगितलं, समोरच्याने मनात ‘अकरा इंच पाच सूत’ केलं, आणि पेन्सिलीच्या जाडीएवढा फरक आणखी पडला. आता मी कागदावर दोन्ही मापं लिहून नेतो. वरच्या उदाहरणात २९५ म्हणजे अकरा इंच पाच सूत. एक सूत सोडला की बरोबर साडेअकरा इंच, २९२ एमएम. हिशोब किती सोपा होतो बघा. “मामा, आतलं माप अकरा पाच आहे, साडेअकरा कापा आणि चारी धारा मारून द्या,” एवढं सांगितलं की काम होतं. धार मारायचे, म्हणजे कडा घासून बोथट करायचे, थोडे पैसे जातील, ते द्याच. कच्च्या धारेने हात कापतो आणि पुढची तडक बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

घट्ट आलेला तुकडा पुन्हा कापू नका

हिरकणीने, म्हणजे काच कापायच्या हत्याराने, रेघ मारून काच तोडताना रेघेच्या दोन्ही बाजूंना पकडायला काच लागते. ५ एमएम काचेची दोन-तीन एमएमची पट्टी हाताने सरळ तुटत नाही. पक्कडीने टोचून काढायला गेलात तर शिंपल्यासारखे टवके उडतात. सेंटीमीटरभर काढायचा असेल तर कापायचा विचार करा. एक-दोन एमएमसाठी घासणं हाच मार्ग.

सपाट फरशीवर ८० किंवा १२० नंबरचा काळा वॉटर पेपर पसरा, भरपूर पाणी ओता आणि काच उभी धरून धार घासा. मध्ये मध्ये मोजा. वेळ लागतो, एक एमएमला अर्धी दुपार जाऊ शकते. काचवाल्याकडे पाण्यावर चालणारं पट्ट्याचं मशिन असेल तर “मामा, एवढं घासून द्या की,” म्हणून सरळ त्यांच्याकडेच न्या. कोरडा ग्राइंडर मात्र लावू नका. काच एका जागी तापते आणि तडकते, शिवाय उडणारी धूळ थेट छातीत जाते.

टाकी जुनी असेल तर आणखी एक अडचण असते. तळाच्या कोपऱ्यांत सिलिकॉनची गोलाई असते आणि बॅफलची खालची टोकं तिच्यावर चढून बसतात. वाटतं काच मोठी झाली. तिथे रुंदी कमी न करता खालचे दोन कोपरे तिरके मारून घ्या.

घरीच कापत असाल तर

सोलापूरच्या घरात चादरींना तोटा नाही, म्हणून जाड घडी करून तिच्यावर काच ठेवली जाते. तसं करू नका. मऊ घडीवर हिरकणी दाबली की काच खाली वाकते. सपाट प्लायवर चादरीचा एकच पदर पुरतो.

हिरकणीचं चाक पट्टीच्या कडेपासून दोन-तीन एमएम लांब चालतं, तेवढी पट्टी सरकवून धरा. रॉकेलचा थेंब, एकसारखा दाब आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच रेघ. सलग ‘सर्र’ आवाज आला म्हणजे बरोबर. पांढरा भुगा उडाला तर दाब जास्त झाला. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा फिरवलं की चाकही जातं आणि काचही. रेघ मारल्यावर लगेच तोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आणि टफन, म्हणजे मुद्दाम मजबूत केलेली, काच कापता येत नाही. जुन्या शोकेसची किंवा दरवाजाची काच स्वस्तात मिळाली तर आधी कोपऱ्यात शिक्का आहे का बघा. टफनला हिरकणी लावली तर तिचा चुरा होतो.

सिलिकॉन

बुरशीनाशक असलेलं बाथरूमचं सिलिकॉन माशांसाठी घातक आहे, अ‍ॅक्वेरियमसाठी असल्याचं ट्यूबवर लिहिलेलंच घ्या. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही, ब्लेडने खरवडून काढा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगरने घालवा, मग पाण्याने धुऊन, वाळवून स्पिरिटने पुसा.

सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर, बाहेरून आत पक्कं होत जातं. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वरची साय धरली म्हणून आतलंही झालं असं समजू नका. आठवडाभर थांबा. आंबट वास पूर्ण गेला पाहिजे.

उंची ठरवताना वीज जाईल हे धरून चाला

वीज गेली की वरच्या टाकीतलं पाणी खाली उतरतं. ९० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद टाकीत पातळी ५ सेंमी उतरली तर साडेतेरा लिटर पाणी सम्पमध्ये येणार. तेवढी जागा बॅफलच्या वर रिकामी ठेवली नाही तर ते घरभर होईल.

उन्हाळ्याचा विचारही इथेच करावा लागतो, कारण बाष्पीभवनाने उतरते ती फक्त शेवटच्या, पंपाच्या कप्प्यातली पातळी; बाकीच्या कप्प्यांतली पातळी बॅफल धरून ठेवतात. कप्पा ३० बाय २० सेंमीचा असेल आणि दिवसात दोन लिटर पाणी उडालं तर पातळी तीन सेंमीपेक्षा जास्त उतरते. दोन दिवस गावाला गेलात तर पंप कोरडा पडू शकतो. म्हणून शेवटचा बॅफल जरा अलीकडे घ्या, पंपाचा कप्पा मोठा ठेवा.

बॅफलमधून थोडं झिरपलं तरी बिघडत नाही, बाहेरची काच मात्र थेंबभरही गळता कामा नये. सम्प कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ भरा आणि चोवीस तास तसाच राहू द्या. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात ते ओतून द्यायला जीवावर येतं, म्हणून मी ही चाचणी कुंड्यांना पाणी घालायच्या आदल्या दिवशी करतो.