नाण्यावर राष्ट्रीय चिन्ह निवडताना या चुका टाळा

नाण्याचा नमुना स्क्रीनवर ताटाएवढा दिसतो आणि पहिली चूक तिथेच होते. मोराचा पिसारा घ्या. त्याची सगळी शोभा रंगात, आणि स्टीलच्या नाण्याला रंग एकच. वर अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्याच मोठ्या जागेत बसवला की पिसाऱ्याचा खराटा होतो. उपाय सोपा आहे. नमुना खऱ्या मापात, काळ्या-पांढऱ्यात छापा आणि हातभर अंतरावरून बघा. १९५० च्या रुपयावर किमतीच्या दोन्ही बाजूंना गव्हाच्या ओंब्या होत्या. चार रेघांचं काम, पण नाणं झिजलं तरी ओंबी ओळखू येते.

दुसरी चूक आपल्याकडेच झाली. २००६ च्या सुमारास दोन रुपयांचं नवं नाणं आलं. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा आणि चार कोपऱ्यांत चार ठिपके. कल्पना ‘विविधतेत एकता’ अशी होती, म्हणजे चार डोकी आणि शरीर एक. लोकांना मात्र त्यात क्रूस दिसला, वाद पेटला, आणि २००७ पासून हाताच्या मुद्रांची नाणी आली. कल्पना वाईट नव्हती, पण नाण्यासोबत माहितीपत्रक मिळत नाही ना! म्हणून नमुना काहीही न सांगता वाणी, कंडक्टर, शाळकरी पोरं यांना दाखवा आणि ‘हे काय आहे?’ एवढंच विचारा. दहातल्या तिघांना भलतंच दिसलं तर चिन्ह बदला. खुलासा लिहीत बसू नका.

चिन्हाच्या नादात बोटांना विसरू नका. २००७ चा रुपया आणि २०११ पासूनचं दोन रुपयांचं नाणं, दोन्हींचा व्यास २५ मिलिमीटर आणि वजन ४.८५ ग्रॅम. डोळे मिटून ओळखून दाखवा! ज्यांना दिसत नाही त्यांचं काय होत असेल? २० रुपयांचं नाणं बाराकोनी केलं, ते बरं झालं.

नकाशा शक्यतो नकोच. युरोच्या मोठ्या नाण्यांवरच्या नकाशात आधी फक्त युरोपीय संघाचे तेव्हाचे सदस्य देश होते. २००४ मध्ये संघ वाढला आणि २००७ पासून तो नकाशा बदलावा लागला.

इंटरनेटवरचा फोटो उचलू नका. क्रोएशियाच्या एक युरोच्या नाण्यासाठी ‘कुना’ हा प्राणी ठरला होता. जुन्या चलनाचं नावच त्याच्यावरून, त्यामुळे निवड अगदी चपखल. पण २०२२ मध्ये ते चित्र एका छायाचित्रकाराच्या फोटोवरून घेतल्याचं उघड झालं आणि नमुना मागे घ्यावा लागला. कुना राहिला, पण चित्र नव्याने काढावं लागलं.

आणि चिन्ह हवंच, असं तरी कुठे आहे? शिवराईवर ना चेहरा, ना प्राणी. ठिपक्यांच्या वर्तुळात एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. कोणाचं नाणं, हे कोणाला विचारावं लागत नाही.

फक्त अक्षरं घेतलीत तर एकेक अक्षर बोट ठेवून, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. चिलीच्या २००८ च्या ५० पेसोंच्या नाण्यावर देशाच्या नावातच ‘एल’च्या जागी ‘आय’ पडला होता, आणि ती नाणी बाजारात गेलीसुद्धा.